इग्नेशियस लोयोला

संत इग्नेशियस लोयोला (मूळ नाव : इनिगो लोपेस दे लोयोला, जन्म : इ.स. १४९१, लोयोला, बास्क प्रदेश, स्पेन. मृत्यू : ३१ जुलै, इ.स. १५५६, रोम, इटली) हे सोळाव्या शतकातील कॅथलिक धर्मगुरू, येशूसंघाचे (जेझुइट संघाचे) संस्थापक आणि पहिले प्रमुख होते. ‘आध्यात्मिक साधना’ या त्यांच्या लहानशा ग्रंथामुळे ख्रिस्ती साधनामार्गाच्या इतिहासात त्यांना विशेष स्थान आहे.

प्रार्थना, मौन, उपवास, पापनिवेदन, आत्मपरीक्षण ही साधने ख्रिस्ती मठांमध्ये त्यांच्या आधी सुमारे हजार वर्षे रुजलेली होती. इग्नेशियस यांनी त्यांना ठरावीक क्रम दिला आणि मठाच्या भिंतींबाहेर राहणाऱ्या माणसालाही ती आचरता यावीत अशी त्यांची रचना केली. हा ग्रंथ विद्वानाच्या अभ्यासिकेत जन्मलेला नाही. अतिरेकी तपश्चर्येपायी त्याचा कर्ता एकदा आत्महत्येच्या विचारापर्यंत जाऊन पोहोचला होता. त्या अवस्थेतून बाहेर पडताना त्याने आपल्या मनाच्या हालचाली टिपून ठेवल्या आणि या टिपणांतूनच पुढे ग्रंथ आकाराला आला.

त्यांच्या पूर्वायुष्याची माहिती प्रामुख्याने त्यांनी १५५३ ते १५५५ या काळात लुईस गोन्साल्वेस दा कामारा या सहकाऱ्यास सांगितलेल्या आत्मवृत्तावरून मिळते. त्यात ते स्वतःचा उल्लेख सर्वत्र ‘यात्रेकरू’ असा तृतीयपुरुषी करतात.

पूर्वायुष्य

गिपुस्कोआ प्रांतातील आस्पेतिया या गावाजवळच्या लोयोला गढीत एका सरदार घराण्यात इनिगो यांचा जन्म झाला. मोठ्या कुटुंबातील ते सर्वांत धाकटे अपत्य. लहानपणीच आई वारल्यामुळे गावातील लोहाराच्या पत्नीने त्यांना वाढवले. सुमारे १५०६ मध्ये त्यांना आरेव्हालो येथे कॅस्टिल राज्याचे कोषाधिकारी हुआन व्हेलास्केस दे कुएयार यांच्या घरी पाठवण्यात आले. दरबारी रीतिरिवाज, सुंदर हस्ताक्षर, तलवारबाजी आणि शौर्यकथांचे वाचन असे त्यांचे शिक्षण झाले. धर्माचरण होते, पण ते रूढीपुरते. १५१५ मध्ये आस्पेतियात रात्रीच्या वेळी झालेल्या एका हिंसक प्रकरणात त्यांच्यावर आणि त्यांच्या धर्मगुरू भावावर खटला दाखल झाल्याची नोंद आहे. संतचरित्रे लिहिणाऱ्यांनी या नोंदीवर पुष्कळदा पांघरूण घातले. स्वतः इग्नेशियस यांनी मात्र आपले तारुण्य जगाच्या मोहात आणि कीर्तीच्या हव्यासात गेले, असे मोकळेपणाने सांगून ठेवले आहे.

१५१७ मध्ये आश्रयदात्याचे दिवस फिरले आणि त्याच वर्षी तो मरण पावला. त्यानंतर इनिगो नव्हाराचे व्हाइसरॉय, नाहेराचे ड्यूक आंतोनियो मानरिके यांच्या सेवेत रुजू झाले.

पांप्लोनाची लढाई आणि आजारपण

मे १५२१ मध्ये फ्रेंच सैन्याने पांप्लोना शहरावर चाल केली. शहराने शरणागती पत्करली, तरी किल्ला लढवावा असा आग्रह इनिगो यांनी धरला. २० मे रोजी तोफेचा एक गोळा त्यांच्या दोन्ही पायांच्या मधून गेला. उजव्या पायाचे हाड मोडले, दुसऱ्या पायासही इजा झाली. फ्रेंचांनी त्यांना सन्मानाने वागवले आणि डोलीत घालून लोयोलाला पोहोचते केले.

हाड नीट बसले नव्हते म्हणून ते पुन्हा मोडून बसवावे लागले. भुलीचे औषध नसलेल्या त्या काळात ही शस्त्रक्रिया म्हणजे मरणयातनाच होत्या. जूनच्या अखेरीस त्यांची जगण्याची आशा सुटली होती, पण ते वाचले. पाय बरा होत आला तेव्हा गुडघ्याखाली हाडाचा एक तुकडा बेढब वर आलेला दिसला. दरबारी लोक वापरत ते घट्ट बूट त्यावर चढले नसते. केवळ एवढ्या कारणासाठी त्यांनी तो तुकडा कापून घेतला. पायात कायमचा अधूपणा राहिला तो राहिलाच. पुढे मानरेसात दिसणारी त्यांची देहदंडाची ताकद आणि ही सहनशक्ती एकाच मुशीतली होती. बदलले ते फक्त उद्दिष्ट.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी शौर्यकथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. लुडोल्फ ऑफ सॅक्सनी यांचे ख्रिस्तचरित्र आणि याकोबुस दे व्होराजिने यांचा संतचरित्रसंग्रह, ही दोनच पुस्तके स्पॅनिश अनुवादात मिळाली. वाचून झाले की ते तासन्‌तास दिवास्वप्ने पाहत. कधी एका उच्चकुलीन स्त्रीची सेवा करून नाव कमावण्याची, तर कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांच्यासारखी खडतर तपश्चर्या करण्याची. दोन्ही विचारांत गुंगताना आनंद होई. परंतु पहिल्या प्रकारच्या विचारांनंतर मन कोरडे आणि असमाधानी राहते, दुसऱ्या प्रकारच्या विचारांनंतरही प्रसन्नता टिकते, असे एके दिवशी त्यांच्या ध्यानात आले. विचार येताना काय वाटते, यापेक्षा तो ओसरल्यावर मनात काय उरते हे पाहावे, असे हे निरीक्षण होते. आत्म्यांची पारख या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या साऱ्या विवेचनाचा उगम येथे आहे.

याच काळात ते ख्रिस्तचरित्रातील वेचे एका वहीत उतरवू लागले. ख्रिस्ताचे बोल लाल शाईने, मरियेचे निळ्या शाईने. सुमारे तीनशे पाने त्यांनी अशी भरली.

मोन्सेरात आणि मानरेसा

१५२२ च्या आरंभी त्यांनी घर सोडले. जेरुसलेमची यात्रा करावी, असा संकल्प होता. वाटेत एका मूर स्वाराशी मरियेच्या कौमार्याविषयी त्यांचा वाद झाला. तो पुढे निघून गेल्यावर त्याचा पाठलाग करून त्याला खंजिराने भोसकावे की सोडून द्यावे, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी खेचराचा लगाम सैल सोडला. जनावर गावाच्या रुंद रस्त्याला लागले तर मूराला गाठायचे, नाही तर नाही. खेचराने दुसरा रस्ता धरला. निर्णय कसा घ्यावा याची सविस्तर पद्धत पुढे ज्याने घालून दिली, त्याने आयुष्यातला एक गंभीर निर्णय अशा रीतीने जनावरावर सोपवला होता.

मोन्सेरातच्या बेनेडिक्टीन मठात त्यांनी तीन दिवस लेखी स्वरूपात पापनिवेदन केले. २४ मार्चच्या रात्री उंची वस्त्रे एका भिकाऱ्यास देऊन त्यांनी गोणपाटाचा झगा चढवला, तलवार आणि खंजीर मरियेच्या वेदीपाशी अर्पण केले आणि रात्रभर उभ्याने व गुडघ्यांवर जागरण केले. दुसऱ्या दिवशी कळले की, ती वस्त्रे चोरीची असावीत या संशयावरून त्या भिकाऱ्याला त्रास झाला. ते ऐकून त्यांना रडू आले. आपला त्याग दुसऱ्याला महागात पडू शकतो, हा त्यांना मिळालेला पहिला धडा म्हणता येईल.

जवळच्या मानरेसा गावी ते काही दिवसांपुरते थांबणार होते. राहिले जवळजवळ अकरा महिने. या मुक्कामात त्यांनी जी दिनचर्या पत्करली ती वाचलेल्या संतचरित्रांवरून घेतलेली होती. भिक्षेवर निर्वाह, मांस आणि मद्य वर्ज्य, दररोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना, मध्यरात्री उठणे. पूर्वी केसांची निगा राखण्याचा शौक होता म्हणून केस विंचरायचे नाहीत, कापायचे नाहीत. नखेही वाढू द्यायची. गुरू कोणी नव्हता. कोणते साधन किती प्रमाणात आणि कशासाठी, याचा विचार त्या वेळी त्यांच्यापाशी नव्हता, ही गोष्ट त्यांनी नंतर स्वतःच कबूल केली.

पहिले काही महिने शांततेत गेले. मग मनाची अवस्था पालटली. एकदा पापनिवेदन होऊनही काही सांगायचे राहून गेले की काय, या शंकेने त्यांना ग्रासले. पुन्हा निवेदन, पुन्हा शंका. प्रत्येक वेळी आणखी बारीकसारीक पापे आठवत आणि मन अधिकच अस्वस्थ होई. प्रार्थनेचे तास वाढवून उपयोग झाला नाही. डॉमिनिकन मठातील ज्या खोलीत ते राहत होते तेथे प्रार्थनेच्या जागेजवळ एक मोठे भगदाड होते. त्यातून स्वतःला खाली झोकून द्यावे, अशी ऊर्मी त्यांना वारंवार येऊ लागली. ते पाप आहे एवढ्या जाणिवेनेच ते मागे फिरत.

अखेर देवाने शांती देईपर्यंत किंवा मरण समोर दिसेपर्यंत अन्नपाणी घ्यायचे नाही, असा निश्चय त्यांनी केला आणि एका रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत तो पाळला. हे कळताच त्यांच्या पापनिवेदकाने उपवास सोडण्याची आज्ञा केली. त्यांनी ती मानली. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी शंकांची माळ पुन्हा सुरू झाली. तेव्हा त्यांनी लोयोलात शिकलेली रीत या शंकांनाही लावून पाहिली. हा विचार कोठून सुरू होतो, कोणत्या पायऱ्यांनी पुढे सरकतो आणि शेवटी कोठे नेऊन सोडतो? त्याचा शेवट जीवनाच्या किळसेत आणि साधना सोडून देण्याच्या इच्छेत होतो, असे दिसताच तो धार्मिक वेषात आला असला तरी चांगल्या प्रेरणेतून आलेला नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. गतकाळातील पापांचे पुन्हा निवेदन करायचे नाही, असे ठरवले आणि या व्याधीतून ते मोकळे झाले.

त्यानंतर त्यांच्या आचरणात लहान लहान बदल झाले. केस व नखे कापली. मांस खाण्यास सुरुवात केली. झोपायच्या वेळी मोठमोठे दिव्य विचार आणि आनंदाचे उमाळे येऊन त्यांची झोप उडत असे. दिवसाचे इतके तास देवासाठी राखून ठेवले असताना विश्रांतीच्या वेळी येणारे हे उमाळे हितकारक असतील का, असा प्रश्न त्यांनी केला आणि झोपणेच योग्य ठरवले. आनंददायक आणि पवित्र वाटणारी गोष्टसुद्धा तपासून घ्यावी लागते, हे येथे त्यांना उमगले. याच सुमारास कार्दोनेर नदीच्या काठी बसलेले असताना त्यांना एक विलक्षण ज्ञानानुभव आला. आयुष्यभरात मिळालेले सारे साहाय्य एकत्र केले तरी ते त्या एका प्रसंगाएवढे भरणार नाही, असे ते उत्तरायुष्यात सांगत. त्यात कोणतेही दृश्य नव्हते. अनेक गोष्टींचा एकदम उलगडा झाला, एवढेच वर्णन त्यांनी केले आहे.

मानरेसातील उपासतापासाने मात्र त्यांच्या पोटाची कायमची हानी झाली. पुढील आयुष्यभर ते पोटदुखीने आजारी राहिले.

जेरुसलेम आणि विद्यार्थिदशा

सप्टेंबर १५२३ मध्ये ते जेरुसलेमला पोहोचले. तेथेच कायमचे राहावे अशी त्यांची इच्छा होती, परंतु पवित्र स्थळांची व्यवस्था पाहणाऱ्या फ्रान्सिस्कन प्रमुखांनी सुरक्षिततेच्या कारणास्तव परवानगी नाकारली. परत आल्यावर, लोकांना साधनेत मदत करायची तर शिकले पाहिजे, असे त्यांनी ठरवले आणि तिशी उलटून गेल्यावर बार्सिलोनात शाळकरी मुलांच्या बरोबरीने ते लॅटिन व्याकरण घोकू लागले. धातुरूपे पाठ करायला बसले की ध्यानाचे नवे विचार सुचत आणि अभ्यास बाजूला पडे. मिस्सेच्या किंवा प्रार्थनेच्या वेळी असे विचार इतक्या जोराने येत नाहीत, हे लक्षात आल्यावर त्यांनी शिक्षकांना चर्चमध्ये नेऊन बसवले आणि येती दोन वर्षे एकाही तासाला लक्ष ढळू देणार नाही, असे वचन दिले. तो उपद्रव तेथेच थांबला.

१५२६ पासून आल्काला आणि नंतर सालामांका येथे शिकत असताना ते सामान्य स्त्री-पुरुषांना आत्मपरीक्षण व प्रार्थना शिकवू लागले. पदवी नसलेला, दीक्षा नसलेला, गोणपाट नेसणारा माणूस असे करतो, यामुळे धर्मन्यायाधिकाऱ्यांचा संशय बळावणे त्या काळात अपरिहार्य होते. आल्कालात ४२ दिवस आणि सालामांकात २२ दिवस त्यांना तुरुंगात काढावे लागले. त्यांची टिपणे तपासण्यात आली. शिकवणुकीत दोष आढळला नाही; मात्र शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणते पाप घोर आणि कोणते क्षम्य हे सांगू नये, असे बंधन घालण्यात आले. ते बंधन घेऊन लोकांना मदत करणे शक्य नाही, असे पाहून त्यांनी स्पेन सोडले. गाढवावर पुस्तके लादून ते पायी निघाले आणि २ फेब्रुवारी १५२८ रोजी पॅरिसला पोहोचले.

पॅरिसमध्ये त्यांनी आपले पैसे एका स्पॅनिश सोबत्याकडे ठेवायला दिले. त्याने ते उधळून टाकल्यामुळे इग्नेशियस यांना धर्मशाळेत राहून भीक मागण्याची वेळ आली. पुढे तोच सोबती रुआँ येथे आजारी पडल्याचे कळताच ते अनवाणी, उपाशीपोटी चालत त्याच्या शुश्रूषेला गेले. रोज भीक मागण्यात अभ्यासाचा वेळ जातो, हे पाहून सुट्टीत फ्लँडर्समधील स्पॅनिश व्यापाऱ्यांकडे जाऊन वर्षभराची बेगमी करण्याची व्यवहारी युक्ती त्यांनी शोधली.

सेंत-बार्ब महाविद्यालयात पिएर फाव्र आणि फ्रान्सिस झेवियर हे त्यांचे खोलीसोबती होते. फाव्र अत्यंत हळव्या मनाचे होते आणि त्यांनाही मानरेसातल्यासारख्याच पापशंका छळत असत. इग्नेशियस यांनी त्यांना घाईने साधनेला बसवले नाही. सुमारे चार वर्षे वाट पाहिली. तोवर फक्त रोजचे आत्मपरीक्षण आणि नियमित पापनिवेदन एवढाच मार्ग दिला. १५३४ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात फाव्र यांनी महिन्याची साधना केली तेव्हा त्यांनी सहा दिवस अन्न घेतले नाही आणि खोलीत विस्तवही पेटवला नाही. इग्नेशियस यांनी त्यांना जेवायला आणि शेकोटी करायला लावले. बारा वर्षांपूर्वी त्यांच्याबाबतीत हे काम पापनिवेदकाने केले होते.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र येथील छोट्या चॅपेलमध्ये इग्नेशियस, फाव्र, झेवियर, दिएगो लाइनेस, आल्फोन्सो साल्मेरोन, निकोलास बोबादिया आणि सिमाओ रोड्रिगेस या सात जणांनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि जेरुसलेम यात्रेची व्रते घेतली. वर्षभरात जेरुसलेमला जाणे न जमल्यास पोपच्या सेवेस हजर व्हायचे ठरले होते. तुर्कांशी व्हेनिसचे युद्ध सुरू झाल्याने जहाज मिळाले नाही. २४ जून १५३७ रोजी व्हेनिसमध्ये इग्नेशियस यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. पहिली मिस्सा मात्र त्यांनी दीड वर्ष थांबून, १५३८ च्या नाताळात रोममध्ये अर्पण केली.

‘आध्यात्मिक साधना’

मानरेसात सुरू झालेले टिपण दोन दशके वाढत व सुधारत गेले. ३१ जुलै १५४८ रोजी पोप तिसरे पॉल यांनी त्यास मान्यता दिली आणि त्याच वर्षी रोममध्ये लॅटिन अनुवादाच्या ५०० प्रती छापण्यात आल्या. मान्यता मिळवण्यात गांदियाचे ड्यूक फ्रान्सिस बोर्जिया यांचा पुढाकार होता.

ज्यांनी केवळ कुतूहलाने हा ग्रंथ हाती घेतला त्यांची बहुधा निराशा होते. तो वाचण्यासाठी लिहिलेला नाही. साधना करवून घेणाऱ्याने हाताशी ठेवावयाची ती एक मार्गदर्शिका आहे. व्यायाम शिकवणाऱ्याची वही वाचून जसे शरीर कमावता येत नाही, तसेच हे आहे. चालणे, धावणे हे जसे शरीराचे व्यायाम तसे आत्म्यालाही व्यायाम असतात, ही तुलना स्वतः इग्नेशियस यांनी आरंभीच केली आहे.

संपूर्ण साधना सुमारे तीस दिवसांची असून तिचे चार ‘आठवडे’ केलेले आहेत. हे आठवडे सात दिवसांचेच असावेत असे नाही. साधकाच्या गतीनुसार ते लांबवायचे किंवा आखडायचे. पहिल्यात स्वतःच्या पापांचे व देवाच्या दयेचे चिंतन, दुसऱ्यात ख्रिस्ताचे जीवन, तिसऱ्यात त्याचे दुःखसहन आणि चौथ्यात पुनरुत्थान. दिवसाला एकेक तासाच्या चार-पाच बैठका होतात. प्रत्येक बैठकीत साधकाने प्रथम प्रसंगाचे स्थळ डोळ्यांसमोर उभे करायचे. बेथलेहेमचा रस्ता किती लांब, सपाट की चढउताराचा. गुहा किती उंच. मग तेथील माणसे पाहायची, त्यांचे बोलणे ऐकायचे आणि शेवटी मित्राशी बोलावे तसे ख्रिस्ताशी बोलायचे. बैठक संपल्यावर पाव तास ती कशी झाली याचा आढावा घ्यायचा. मन कोरडे पडून तास लवकर संपवावासा वाटला तर उलट थोडे जास्त बसायचे.

ग्रंथातील एका प्रार्थनापद्धतीत प्रत्येक श्वासागणिक प्रार्थनेतील एकेक शब्द मनात धरायला सांगितले आहे. नामस्मरणाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ती ओळखीची वाटेल, परंतु तिचे मूळ मध्ययुगीन युरोपीय भक्तिपरंपरेतच शोधावे लागते.

दैनंदिन आत्मपरीक्षण हा या पद्धतीचा सर्वांत टिकाऊ भाग होय. एका वेळी एकच दोष निवडायचा. सकाळी उठताना त्याचे स्मरण ठेवायचे. दुपारी आणि रात्री तो किती वेळा घडला हे मोजायचे. त्यासाठी प्रत्येक दिवसाला दोन रेघा आखून प्रत्येक चुकीसाठी एक टिंब देण्याची सोय ग्रंथातच केलेली आहे. आज कालपेक्षा, हा आठवडा मागच्यापेक्षा कसा, हे रेघांकडे पाहून कळते. हिशेबनिसाची ही रीत काहींना यांत्रिक वाटते आणि तो आक्षेप अगदीच निराधार नाही. मात्र एकाच चुकीचा अंतहीन घोळ घालणाऱ्या मनाला टिंब देऊन पुढे जाण्याची मुभा मिळते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

पारखीचे नियम दोन गटांत आहेत. पहिल्या गटातील चौदा नियमांत ‘सांत्वन’ आणि ‘रुक्षता’ या दोन अवस्थांचा विचार आहे. मन उदास व रुक्ष असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, हा त्यातील सर्वांत परिचित नियम. दुसऱ्या गटातील आठ नियम अधिक सूक्ष्म असून चांगल्याचे सोंग घेऊन येणाऱ्या प्रेरणेविषयी ते सावध करतात. विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट तपासावा, हा मानरेसातील शोध येथे नियम म्हणून येतो. पापशंकांवरही स्वतंत्र टिपण जोडले आहे.

देहदंडाचे प्रमाण त्यांनी काळजीपूर्वक ठरवून दिले. अन्न, झोप आणि शारीरिक क्लेश या तिन्हींत कपात करता येते, परंतु त्यातून आजार किंवा मोठी हानी होता कामा नये; दुखणे त्वचेपुरते राहावे, हाडापर्यंत जाऊ नये. साधना करवणाऱ्यालाही मर्यादा आहे. साधकाला संन्यासाकडे किंवा दुसऱ्या कोणत्याही जीवनमार्गाकडे त्याने ओढू नये. तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहून साधकाचा आणि देवाचा व्यवहार थेट होऊ द्यावा. ज्याला महिनाभर घरदार सोडता येत नाही, त्याने रोज दीड तास काढून हीच साधना अनेक महिन्यांत करावी, अशीही तरतूद आहे.

येशूसंघाचे प्रमुख

२७ सप्टेंबर १५४० रोजी पोपनी येशूसंघास मान्यता दिली. एप्रिल १५४१ मध्ये इग्नेशियस यांची प्रमुखपदी एकमताने निवड झाली. त्यांनी ती नाकारली; पुन्हा मतदान झाले, निकाल तोच आला; अखेर पापनिवेदकाच्या निर्णयानंतर त्यांनी पद स्वीकारले. पुढील पंधरा वर्षे ते बहुतांशी रोममध्येच राहिले. या काळातील त्यांची जवळपास ७,००० पत्रे उपलब्ध आहेत. १५४८ मध्ये मेसिना येथे शाळा आणि १५५१ मध्ये रोमन महाविद्यालय सुरू झाले. वेश्याव्यवसाय सोडू इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठी रोममध्ये त्यांनी संत मार्था यांच्या नावाने आश्रयगृह उभारण्यास मदत केली.

त्यांनी घडवलेल्या नियमावलीत पारंपरिक मठजीवनातील काही गोष्टी वगळल्या होत्या. सामुदायिक प्रार्थनागायन सक्तीचे नव्हते, विशिष्ट पोशाख नव्हता, सर्वांना सारखी लागू होणारी तपश्चर्या नव्हती. त्या काळच्या अनेकांना हा धर्मजीवनाचा ऱ्हास वाटला. संघातही मतभेद होते. पोर्तुगालमधील कोइंब्रा येथे विद्यार्थी उघड देहदंड करू लागले तेव्हा १५४७ मध्ये त्यांनी दीर्घ पत्र लिहून त्यांचा उत्साह वाखाणला आणि तो आटोक्यात ठेवण्यास बजावले. सप्टेंबर १५४८ मध्ये बोर्जिया यांना त्यांनी प्रार्थनेचे तास आणि उपवास निम्म्यावर आणण्याचा, पोट बळकट करण्याचा आणि रक्त निघेल असा देहदंड थांबवण्याचा सल्ला दिला. १५५४ मध्ये येरोनिमो नादाल यांनी स्पेनमधील सदस्यांसाठी प्रार्थनेचा वेळ दीड तास करावा असे सुचवताच, आजारी असलेल्या इग्नेशियस यांनी त्यांना इतरांदेखत कडक शब्दांत सुनावले. आसक्तींवर खरोखर ताबा मिळवलेल्या माणसाला देवाशी एकरूप होण्यास पाव तास पुरतो, असे त्यांचे मत होते. विद्यार्थ्याचा अभ्यास आणि धर्मगुरूची रुग्णसेवा हीसुद्धा त्यांच्या लेखी प्रार्थनाच होती.

स्वतः ते मात्र प्रार्थनेत फार भावविवश होत. १५४४-४५ मधील त्यांची खासगी रोजनिशी वाचली तर मिस्सेच्या वेळी अश्रू आले किंवा नाही याचीच नोंद जवळजवळ रोज आढळते. त्या अश्रूंनी दृष्टीला अपाय होऊ लागला, तेव्हा वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांना आवरते घ्यावे लागले.

टीका आणि मर्यादा

इग्नेशियस यांच्या हयातीतच मेल्चोर कानो यांच्यासारख्या डॉमिनिकन विद्वानांनी ‘आध्यात्मिक साधना’ ग्रंथावर कठोर टीका केली. व्यक्तीच्या अंतःप्रेरणेला त्यात अवाजवी महत्त्व आहे, असा त्यांचा रोख होता. नंतरच्या काळातील आक्षेप नेमका उलट आहे. चर्चने काळे म्हटल्यास डोळ्यांना पांढरे दिसणारेही काळे मानण्याची तयारी ठेवावी, अशा आशयाचा ग्रंथातील नियम आणि १५५३ चे आज्ञापालनावरील पत्र यांमुळे ते अंध आज्ञाधारकतेचे पुरस्कर्ते ठरवले गेले. अंतर्मनाची इतकी बारीक पारख शिकवणारा माणूस अधिकाऱ्याच्या आज्ञेपुढे बुद्धीही नमवायला सांगतो, हा ताण त्यांच्या लेखनात खरोखरच आहे आणि अभ्यासकांनी तो निरनिराळ्या प्रकारे सोडवून पाहिला आहे. स्त्रियांबाबतचे त्यांचे धोरणही वादग्रस्त राहिले. बार्सिलोनापासून त्यांना आर्थिक आधार देणाऱ्या इसाबेल रोसेर यांनी १५४५ मध्ये संघाची व्रते घेतली, परंतु पुढच्याच वर्षी त्यांना व्रतमुक्त करण्यात आले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. संघाची स्त्री-शाखा कधीच निघाली नाही.

भारताशी संबंध

पोर्तुगालच्या राजाने पूर्वेकडे पाठवण्यासाठी धर्मगुरू मागितले, तेव्हा निवडलेला सदस्य आजारी पडल्याने ऐनवेळी झेवियर यांना रवाना करण्यात आले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास पोहोचले. इग्नेशियस यांची आणि त्यांची पुन्हा भेट झाली नाही. झेवियर आपल्या सोबत्यांच्या पत्रांवरील सह्या कापून गळ्यात बाळगत आणि इग्नेशियस यांना गुडघे टेकून पत्र लिहीत. २८ जून १५५३ रोजी इग्नेशियस यांनी त्यांना युरोपात परत बोलावणारे पत्र लिहिले. त्या वेळी झेवियर यांचा चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर मृत्यू होऊन जवळजवळ सात महिने उलटले होते.

इथिओपियाच्या मोहिमेसाठी निघालेल्या जेझुइटांबरोबर एक छापखाना सप्टेंबर १५५६ मध्ये गोव्यात उतरला आणि तेथेच राहिला. भारतातील मुद्रणाचा आरंभ येथून झाला. या मोहिमेच्या आखणीत इग्नेशियस यांनी जातीने लक्ष घातले होते. मराठी ‘क्रिस्तपुराण’कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हेही येशूसंघाचेच सदस्य. १५७९ मध्ये ते गोव्यास आले आणि त्यांचे पुराण १६१६ मध्ये छापले गेले. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेच्या मुख्य वेदीवर बाळ येशूच्या वरच्या बाजूस इग्नेशियस यांची भव्य मूर्ती आहे. झेवियर यांचे पार्थिव याच चर्चमध्ये ठेवलेले आहे.

मृत्यू आणि नंतर

जुलै १५५६ मध्ये त्यांची प्रकृती खालावली, पण ते नेहमीच आजारी असल्याने कोणी फारसे गंभीरपणे घेतले नाही. ३० जुलैच्या दुपारी त्यांनी सचिव हुआन दे पोलांको यांना पोपकडून आशीर्वाद आणण्यास सांगितले. पोलांको यांना त्या दिवशीच्या टपालाने पत्रे पाठवायची होती; दुसऱ्या दिवशी गेले तर चालेल का, असे त्यांनी विचारले. इग्नेशियस यांनी निर्णय त्यांच्यावर सोपवला. ३१ जुलैच्या पहाटे अंतिम संस्काराविनाच त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात अनेक अवयवांत खडे आढळले. येशूसंघाची सदस्यसंख्या तेव्हा सुमारे एक हजार होती.

१६०९ मध्ये त्यांना ‘धन्य’ आणि १२ मार्च १६२२ रोजी झेवियर, आविलाच्या तेरेसा, फिलिप नेरी व कृषक इसिदोर यांच्यासमवेत ‘संत’ घोषित करण्यात आले. ३१ जुलै हा त्यांचा सण होय. १९२२ मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्यांना आध्यात्मिक साधनांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले. अलीकडच्या काळात रोजच्या कामकाजात राहून करायच्या साधनेचा प्रसार वाढला असून प्रॉटेस्टंट आणि अँग्लिकन पंथीयही ती करतात.

संघात प्रार्थनेच्या वेळेचा प्रश्न मात्र त्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी पुन्हा उपस्थित झाला. १५६५ च्या महासभेने तो निर्णय नव्या प्रमुखांवर सोपवला आणि त्यांनी सर्वांसाठी रोज एक तासाची प्रार्थना ठरवून दिली. हे नवे प्रमुख म्हणजे फ्रान्सिस बोर्जिया.